नावावरची मोटार

११ मार्च १९५७, सोमवार. तळेगाव

दुपारी पोस्टमन आला. लांब खाकी पाकीट. सौ.ला वाटलं तिच्या भावाचं. नाही. वर्ध्याच्या मोटार ऑफिसचं, माझ्याच नावाचं. 'वामन गणपत ढोले, भाड्याची मोटार' असं वर लिहिलेलं. मोटार जाऊन दहा महिने झाले.

अर्धा कागद इंग्रजीत, अर्धा कळण्यासारखा. मोटारीची मालकी बदलली हे मुदतीत कळवलं नाही म्हणून दंड. तीस दिवसांत भरा, नाहीतर लेखी हरकत घ्या.

कळवलं नाही कसं? गेल्या अक्षयतृतीयेला हिंगणघाटच्या शंकर भोयरला गाडी विकली. आठव्या दिवशी स्वतः वर्ध्याला गेलो, टेबलावर कागद दिला. तिथले क्लार्क दुबेबाबू होते. बावीस वर्षं तळेगाव-आर्वी-वर्धा मोटार चालवली, लायसनवर एक शेरा नाही. तो मी मुदत चुकवीन?

संध्याकाळी मास्तरांकडे नेतो. इंग्रजी तेच वाचतील.

१२ मार्च

काल मास्तरांकडून आल्यावर लिहायला बसवलं नाही, आज लिहितो.

रामटेके मास्तर शाळेतून येऊन ओट्यावर बसले होते. पहिलं पान वाचून म्हणाले, "काही नाई काका, कागद कुठं तरी दडपला असन. अर्ज करू." मग दुसरं पान उलटलं. वाचता वाचता थांबले.

"काऊन थांबले?"

"काका, सात जानेवारीले हिंगणघाटले अपघात झाला. वेणा नदीच्या पुलाच्या उतारावर. सायकलवाला मेला. कापसाच्या जिनातला मजूर होता म्हनून लिहिलं हाये."

"कोनाच्या मोटारीनं?"

मास्तरांनी कागदावर बोट ठेवलं. मला म्हणायचं होतं, पुन्हा वाचा. म्हटलंही. त्यांनी पुन्हा वाचलं. नंबर माझ्याच गाडीचा. चालवत होता भोयर, तो तेव्हापासून पळालेला. पोलिसांनी नंबरावरून मालक शोधला, तर बुकात नाव माझं. म्हणून ऑफिसला आता आठवण झाली की बदल कळवला नाही.

सौ.ला फक्त दंडाचं सांगितलं.

१६ मार्च. होळी

सौ.ला कळलं. गावाला आधी कळलं, तिला विहिरीवर.

"मले काऊन नाई सांगतलं?"

रिकामी घागर दारातच ठेवली तिने.

स्टँडवर चहाला गेलो होतो. पानवाला म्हणाला, "डायवरकाका, तुमच्या मोटारीनं मानूस मेला म्हंते." मी म्हटलं, मोटार माझी नाही, विकली. "हो जी, बरं बरं," म्हणाला आणि पान लावायला लागला. त्या 'बरं बरं'ने दिवस गेला.

इतक्या वर्षांत माझ्या चाकाखाली एक बकरी आली नाही. आर्वीच्या घाटात म्हशी आडव्या यायच्या तेव्हासुद्धा.

२० मार्च. वर्धा, मग घरी

पहाटेच्या मोटारीने आर्वी, तिथून छोट्या रेल्वेने पुलगाव, पुढे वर्धा. अकराला ऑफिसात. टेबल तेच, माणूस दुसरा. पोरगेला क्लार्क, अमरावतीकडचा असावा. वाईट नाही. आवक रजिस्टर काढून माझ्यासमोर धरलं, मे महिना पानापानाने दाखवला. माझी नोंद नाही.

"पावती आहे का?"

पावती घेतली नाही. दुबेबाबूंना मी वर्षानुवर्षं स्टेशनवरून ऑफिसात सोडत आलो. त्यांच्याकडे पावती मागायची म्हणजे शेजाऱ्याकडे विरजण देताना चिठ्ठी मागण्यासारखं. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला, "रख दो वामनराव, हो जायेगा," म्हणाले. विक्रीचा मूळ कागदही त्यालाच जोडला होता. नक्कल ठेवली नाही. ही मात्र माझी चूक.

दुबेबाबू कुठे? नोव्हेंबरात वर्धा मुंबई राज्यात आलं तेव्हा त्यांनी मध्यप्रदेश मागून घेतला. जबलपूरला असतात.

क्लार्क म्हणाला, "काही दफ्तर तिकडं गेलं, काही इथं, काही नागपूरले गठ्ठ्यात. तुमचा कागद कशात असन ते मीही नाई सांगू शकत." आतली खोली दाखवली. छतापर्यंत गठ्ठे, दोऱ्या सुटलेल्या. म्हणाला, लेखी हरकत द्या, सुनावणी लागेल.

यावेळी पावती घेतली.

२४ मार्च

मास्तरांनी हरकतीचा अर्ज लिहिला. दीड पान. दुबेबाबूंचं नाव घातलं. सांगताना मी जरा कचरलो, पण खरं तेच लिहायचं तर त्यांच्याशिवाय काय लिहिणार.

सौ. म्हणाली, "भरून टाका ना जी तो दंड. कायले डोक्याले ताप." मी म्हटलं, दंड भरला तर अर्थ होतो की गाडी माझीच होती. माझी होती तर माणूस माझ्या गाडीने मेला.

मास्तर जाताना हसून म्हणाले, "माहंही तसंच हाये काका. गेल्या दसऱ्याले नागपूरले बुद्धाची दीक्षा घेतली. शाळेच्या रजिस्टरात जातीपुढं अजून जुनंच लिहून हाये. तीनदा अर्ज देल्ला. हेडमास्तर म्हंते, वरून हुकूम नाई." चौथा अर्ज खिशात होता. मी पाहिला. अक्षर माझ्या अर्जापेक्षा सुंदर काढलं होतं.

९ एप्रिल

आर्वीच्या शेठजींनी बोलावलं. गाडी विकल्यापासून त्यांची जीप मी चालवतो, कापसाच्या दिवसांत. म्हणाले, "वामनराव, हे मिटेपर्यंत थोडं थांबा. बायकापोरं बसतात गाडीत." रागाने नाही म्हणाले. चहा पाजला. किल्ली टेबलावर ठेवून आलो.

सौ.ला सांगितलं की शेठ बाहेरगावी गेलेत.

१७ एप्रिल

सुनावणी होती. साहेब दौऱ्यावर. पुढची तारीख.

परत येताना आर्वीला उस्मान मिस्त्रीकडे थांबलो. भोयरशी सौदा त्याच्याच गॅरेजात झाला होता. साक्ष देशील का विचारलं. लगेच हो म्हणाला. मग मीच विचारलं, विचारायला नको होतं.

"मिस्त्री, ब्रेकचं मी भोयरला सांगितलं होतं ना?"

"हो ना. सांगतलं होतं. मी आयकलं."

"काय म्हणालो होतो?"

त्याने हातातला पाना पुसला. "तुमी म्हनले, गाडी चांगली हाये, ब्रेक जरा आळशी हाये, उतारावर दोनदा दाबजो. तोही हसला, तुमीही हसले."

तसंच झालं होतं. पैसे मिळाले म्हणून खुशीत होतो. ब्रेकचे पट्टे झिजलेत, बदलल्याशिवाय भाडं मारू नको, असं म्हणायला हवं होतं. मला ती गाडी माहीत होती, माझा पाय तिला सरावलेला. त्याचा नव्हता.

मोटार ऑफिसला यातलं काही नको आहे. त्यांना फक्त कागद हवा.

२० एप्रिल

'आळशी' हा शब्द कसा सुचला असेल मला.

६ मे. हिंगणघाट

भोयरला शोधायला गेलो. वर्ध्याहून रेल्वेने. घराला कुलूप, कुलपावर धूळ. शेजारीण म्हणाली बायको माहेरी, तो हैदराबादकडे कुठेतरी, ट्रकवर असेल. "तुमचंबी घेनं हाये का त्याच्याकडं?" म्हणाली. म्हणजे आणखीही लोक येतात.

ठाण्यात गेलो. हवालदाराने गाडी दाखवली. आवारात निंबाखाली उभी आहे. समोरचा एक दिवा फुटलेला, बाकी तशीच. निळा रंग मीच दिला होता. सीटवर निंबाचा पाला, कोंबडीने एका कोपऱ्यात घर केलेलं. "बसू का?" विचारलं. हवालदार म्हणाला, "बसा की, तुमचीच हाये." बसून ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला, कुठेही अडला नाही.

उतरल्यावर विचारलं, तो माणूस कुठे राहायचा?

जिनामागच्या वस्तीत. किसन वाघमारे नाव. न जाता परत येता आलं असतं. स्टेशनकडे निम्मं अंतर चाललोही. मग फिरलो.

एका खोलीचं घर. बायको दारात गहू निवडत होती. पंचविशीची असेल. जवळ तान्ही मुलगी. मागे सासरा खाटेवर. तिला वाटलं मी विमा कंपनीचा. उठून आत गेली, पाणी आणलं. मी गडवा हातात घेतला आणि नाव सांगितलं.

"ढोले? तळेगावचे?"

"हो."

ती मुलीला मांडीवर घेऊन बसली. ओरडली नाही. ओरडेल असं धरूनच गेलो होतो.

"पोलीसानं कागद वाचून दाखवला होता. त्याच्यात तुमचं नाव होतं."

"बाई, गाडी मी विकली होती. आठ महिने आधी. कागद दिला होता ऑफिसात."

"मंग मी कोनाकडं पाहू?" म्हणाली. "तो तर पयाला. तुमी म्हनता तुमची नाई. मंग मोटार कोनाची होती?"

सासरा खाटेवरून म्हणाला, "पानी तरी पेऊ दे त्याले, गिरजा."

प्यालो. ब्रेकचं सांगणार होतो. सांगितलं नाही.

२९ मे

सुनावणी. साहेबाने ऐकलं. मिस्त्रीची साक्ष घेतली नाही. "विक्री झाली नाही असं आम्ही म्हणतच नाही. कळवलं का, एवढाच प्रश्न." दुबेबाबूंचा जबाब जबलपूरहून मागवतो म्हणाले. मला बरं वाटलं. दुबेबाबू नाही म्हणणार नाहीत.

मास्तरांकडून मीही त्यांना एक खाजगी पत्र लिहवून घेतलं. जबलपूर, मोटार ऑफिस, एवढाच पत्ता.

२० जून

तापाची साथ. घरोघर दोन-दोन माणसं पडलेली. सौ. आठ दिवस अंथरुणावर होती. मला पेज करता येत नाही हे इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा कळलं. तिने पडल्या पडल्या सांगितलं, मी केलं, तिने एक घोट घेऊन बाजूला ठेवलं. हसली. बऱ्याच दिवसांनी.

वर्ध्याचं ऑफिस अर्धं रिकामं म्हणतात. तारीख पुढे गेली.

११ जुलै. वर्धा

वकीलसाहेबांकडे गेलो. आमच्या मोटारीचे जुने उतारू, शनिवारी आर्वी कोर्टाला जायचे. फी घेणार नाही म्हणाले. सगळं ऐकलं आणि विचारलं, "मोटारीचा विमा होता?"

होता. माझ्याच नावाने, जानेवारीअखेरपर्यंत. भोयर पुढे स्वतःच्या नावाने करणार होता.

वकीलसाहेब थोडा वेळ पानदान चाळत राहिले. मग समजावून सांगितलं. त्या बाईने विमा कंपनीवर दावा लावला आहे. कंपनी म्हणते, विमा ढोलेचा, गाडी भोयरची, आमचा संबंध नाही. बाईचा वकील म्हणतो, सरकारी बुकात सात जानेवारीला मालक ढोलेच. सगळा दावा त्या बुकातल्या नावावर उभा आहे.

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही जिंकलात, ऑफिसने मान्य केलं की तुम्ही मे महिन्यातच कळवलं, की कंपनी सुटली. बाईला काही नाही. भोयर सापडला तरी त्याच्याकडे काय आहे?"

"आणि मी हरलो तर?"

"तर तिला आशा आहे. तुमचं लायसन जाईल कदाचित. आणि मालक म्हणून नाव राहील तुमचं, त्या अपघाताला."

मी विचारलं, तुम्ही काय कराल माझ्या जागी. म्हणाले, "मी वकील आहे वामनराव. माझ्या जागेवरून सांगायचं तर लढा."

१२ जुलै

सौ.ला सगळं सांगितलं, शेठजींचंही. ते तिला एप्रिलातच कळलं होतं. तिने तसं दाखवलं नाही एवढंच.

"त्या बाईले किती लेकरं?"

"एक मुलगी. तान्ही."

भाकऱ्या थापत राहिली. दोघांना लागतात त्यापेक्षा जास्त झाल्या.

७ ऑगस्ट. वर्धा

सुनावणी. साहेब बदलले. नव्या साहेबांना पहिल्यापासून सांगितलं. जबलपूरचं उत्तर नाही. पुढची तारीख.

बाकावर गिरजाबाई बसलेली होती. तिच्या वकिलाने पाठवलं म्हणे, पाहून ये काय होते. मुलगी सासऱ्याकडे ठेवून एकटी आली होती. रेल्वेत पहिल्यांदाच एकटी बसली.

बाकाच्या दोन टोकांना बसलो. ती म्हणाली, "वकील म्हंते, तुमी हरले तर मले भेटन."

"हो."

"तुमी खरंच देल्ला होता का कागद?"

"खरंच दिला होता."

तिने मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला तिने. ऑफिसात कोणी ठेवला नाही, गावात कोणी ठेवला नाही. जिचं त्यात नुकसान, तिने ठेवला.

मग मी ब्रेकचं सांगितलं. उस्मान मिस्त्री म्हणाला तसं, शब्दाला शब्द. हसलो होतो तेही. तिने पदर तोंडाला लावला. पुकारा झाला, मी आत गेलो, बाहेर आलो तेव्हा बाकावर नव्हती.

२५ ऑगस्ट. पोळा

बैल सजले. मी ओट्यावर बसून पाहिले. मास्तर आले होते. त्यांचा चौथा अर्जही परत आला. म्हणाले, "आता पोरायले सांगून ठेवलं, हजेरीत कायबी वाचलं तरी मी हाये तोच हाये." मी विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाले, "वाटते ना जी. वाटनारच."

पाचवा अर्ज लिहिणार आहेत.

१४ सप्टेंबर

जबलपूरचं सरकारी उत्तर आलं. वर्ध्याच्या क्लार्कने पोस्टकार्डावर कळवलं, भला माणूस. दुबेबाबूंनी लेखी जबाब दिला आहे: असा कोणताही कागद स्वीकारल्याचं आठवत नाही.

आठवत नाही.

दिवसभर कुंपणाच्या काट्या बांधल्या. काही बांधलेल्याच पुन्हा बांधल्या.

१९ सप्टेंबर

आज दुबेबाबूंचं पत्र आलं. खाजगी. हिंदीत, चार पानं, जागोजागी खोडलेलं. मास्तरांना न नेता स्वतःच वाचलं, हिंदी तेवढी येते.

लिहितात, तुमचा कागद मी घेतला होता. मला दिवससुद्धा आठवतो, तुम्ही आंबे आणले होते. रजिस्टरला चढवायचा राहिला. तेव्हा राज्यं बदलणार म्हणून ऑफिसात धावपळ होती, पत्नी इस्पितळात. कागद टेबलाच्या खणात राहिला असावा. पुढे खण कोणी रिकामा केला ठाऊक नाही. विचारणा आली तेव्हा साहेबासमोर लिहून दिलं की आठवत नाही. खरं लिहिलं असतं तर नोकरी गेली असती. निवृत्तीला चौदा महिने उरले आहेत, पत्नी आता अंथरुणातच असते. मी तुमचा अपराधी आहे. हे पत्र वाचून जाळून टाका. आणि शेवटी: नाही जाळलंत तरी मी तुम्हाला दोष देणार नाही.

खाली पूर्ण सही. हुद्द्यासकट. सवयीने केली असेल, की मुद्दाम?

आंब्यांचं मी विसरलो होतो.

२१ सप्टेंबर

सौ.ला वाचून दाखवलं. मार्चात दंड भरा म्हणणारी, आज म्हणाली, "दाखवा हे. लोकं तुमाले खुनी म्हंते, मले विहिरीवर जाऊ वाटत नाई. दुबेबाबूनं तुमचा विचार केला काय?"

"आणि ती बाई?"

"तिचं वाईटच वाटते. पन तुमी नाई मारलं तिच्या नवऱ्याले." थोड्या वेळाने, "का मारलं?"

टोमणा नव्हता. विचारलं तिने.

२ ऑक्टोबर

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं.

"काय करू मास्तर?"

"काका, तुमी सांगाल तो अर्ज मी लिहीन. हे ठरवनं माह्यं काम नाई."

मी म्हटलं, तुम्ही माझ्या जागी असता तर? मग म्हणाले, "मी दाखवलं असतं. खरं हाये ते कागदावर यायलेच पाह्यजे, असं मले वाटते. पन मग त्या बाईच्या दारात मी गेलो नाई, तुमी गेलते."

दुबेबाबूंना उत्तर लिहायला बसलो. 'पत्र पोचलं' एवढंच लिहून झालं. तसंच ठेवलं.

१८ ऑक्टोबर

लायसनचं नूतनीकरण अडवलं. प्रकरण चालू असल्याने, असा शेरा. बावीस वर्षांतला पहिला.

शेठजींनी नवा ड्रायव्हर ठेवला. जीप स्टँडवरून गेली. गिअर चुकीचा टाकतो तो, चढावर गाडी रडते.

२३ ऑक्टोबर. दिवाळी

सौ.ने करंज्या केल्या. शेजारच्यांना दिल्या. त्यांनी घेतल्या, परत काही आलं नाही. दरवर्षी येतं.

४ नोव्हेंबर

तारीख आली, एकवीस. शेवटची संधी असं लिहिलं आहे. पुराव्यासह हजर राहावे.

विचार करतो तेव्हा प्रत्येक वाट कोणाच्या तरी दारात जाऊन बंद होते. पत्र दाखवलं तर दुबेबाबू गेले, गिरजाबाई गेली, मी सुटलो. नाही दाखवलं तर मी खोटा, आणि दुबेबाबूंचा खोटा जबाब खरा. चूक मान्य करावी म्हटलं तर तेही खोटंच, आणि सहीनिशी. आणि या सगळ्यात ब्रेक कुठेच येत नाही. ती एक गोष्ट खरोखर माझी होती, तिची कोणी फाईल उघडली नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार. वर्धा स्टेशन

प्लॅटफॉर्मवर बसून लिहितो आहे. घरी जाईपर्यंत बदलून लिहीन अशी भीती वाटते.

पत्र कोटाच्या आतल्या खिशात घेऊन गेलो. निघताना सौ.ने कोट झटकून दिला, खिशावरून हात फिरवला, ते आहे ना पाहिलं. रस्ताभर ठरवत होतो. पुलगावला ठरलं की दाखवायचं. वर्ध्याला उतरलो तेव्हा ठरलेलं राहिलं नव्हतं.

गिरजाबाई बाकावर होती. यावेळी मुलगी बरोबर. चालायला लागली आहे, बाकाला धरून. ऑगस्टात उठून गेली त्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही. मुलीने माझी छत्री ओढली. मी दिली.

साडेबाराला पुकारा. साहेबांनी जबलपूरचं उत्तर वाचून दाखवलं.

"यावर काय म्हणणं आहे?"

"त्यांना आठवत नसेल साहेब."

"तुमच्याजवळ दुसरा काही पुरावा?"

हात वर गेला होता. कोटाच्या बटणापर्यंत. दारातून बाक दिसत होता, छत्रीचं टोक दिसत होतं. नुसतं तेवढ्याने हात थांबला असं नाही. दुबेबाबूंची ती हुद्द्यासकट सही डोळ्यासमोर आली, उस्मान मिस्त्रीचा पाना आला, काय काय आलं.

"नाही साहेब."

"म्हणजे कळवलं नव्हतं, हे मान्य."

"नाही साहेब. कळवलं होतं."

साहेबांनी चष्मा काढला. "पुरावा नाही म्हणता, चूकही मान्य नाही म्हणता. मी लिहू काय?"

"मी म्हणालो तेच लिहा."

"मान्य केलंत तर दंड कमी करता येतो मला."

"कमी नको साहेब."

त्यांना मी हट्टी वाटलो असेन, किंवा खुळा. काहीतरी लिहिलं. म्हणाले, हुकूम पोस्टाने येईल. केव्हा? सांगता येत नाही, विमा कंपनीनेही फाईल मागितली आहे. जा.

बाहेर आलो. गिरजाबाई उठून उभी राहिली.

"काय झालं भाऊ?"

"कागद पोस्टानं येणार."

"निकाल कोनाकडून लागन?"

"माहीत नाही बाई. खरंच माहीत नाही."

स्टेशनपर्यंत बरोबर आलो. मुलगी अर्धी वाट तिच्या कडेवर, अर्धी माझ्या. पत्राबद्दल तिला सांगितलं नाही. सांगून तिच्यावर काय टाकायचं होतं?

प्लॅटफॉर्मवर ती म्हणाली, "तुमच्याकडून लागला तर एक कारड टाकजा. म्हनजे मी वाट पाहनं सोडीन."

"आणि नाही लागला तर?"

"मंग तुमी सोडजा."

तिची गाडी आधी आली. खिडकीतून मुलीने हात बाहेर काढला, तिने आत ओढला. गाडी गेली.

माझ्या गाडीला अजून सव्वा तास आहे. पत्र खिशातच आहे.